आभाळात घाट नाही

"येताना चौदा तास आणि जाताना सोळा," केदार म्हणाला आणि त्यानं बशीतला चिवडा उचलला.

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"विमान तेच?"

"हो, मामा."

"रस्ता तोच?"

"साधारण तोच."

"मधे कुठे थांबा?"

"नाही. थेट. मुंबईहून न्यूअर्क, न्यूयॉर्कच्या शेजारीच आहे. साडेबारा हजार किलोमीटर."

"मग दोन तास कुठे गेले?"

केदारनं तोंड उघडलं, पण त्याच्या आईनं घाईनं मधे तोंड घातलं. "एवढा लांबचा प्रवास म्हटल्यावर थोडं इकडंतिकडं व्हायचंच की हो," असं म्हणून त्यांनी पदर सारखा केला. पदर आधीच सारखा होता. मी ते टिपून ठेवलं.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या फेब्रुवारीतली. फलटणला माझ्या बहिणीच्या घरी चहा चालला होता. भाची शर्वरी हिचं लग्न सासवडच्या गिरम्यांच्या केदारशी ठरत आलं होतं. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरवाला. डिसेंबरात येऊन मुलगी पाहून गेला होता आणि आता यादीसाठी पुन्हा आला होता. रविवारी बैठक बसणार, लग्नात कुणी काय करायचं याची यादी लिहिली जाणार, तिच्यावर दोन्हीकडच्या चार-चार माणसांच्या सह्या होणार आणि सुपारी फुटणार. आमच्याकडून पहिली सही मामाची, म्हणजे माझी. शुक्रवारी मायलेक सहज भेटून जायला आले होते, आणि मी सहज म्हणून विचारलं होतं, प्रवास कसा झाला?

माझं नाव दिगंबर बोराटे. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून तेहतीस वर्षं काढली. म्हणजे खिडकीत बसून गाडी किती वाजता गेली, किती वाजता आली, हे लिहायचं आणि ड्रायव्हरच्या लॉगशीटवर सही करायची. या कामाचा स्वभावावर परिणाम होतो. माझ्या लग्नात अंतरपाट चार मिनिटं उशिरा निघाला तेव्हा मी नोकरीला नवा होतो, तरीही भटजींना कारण विचारलं होतं.

अंतर आणि वेळ या दोन गोष्टी जुळल्या नाहीत की मधे काहीतरी असतं. आमचा एक ड्रायव्हर लोणंदच्या फेरीला रोज पस्तीस मिनिटं जास्त घ्यायचा. कधी फाटक लागलं म्हणायचा, कधी टायर. मी त्या पस्तीस मिनिटांचा माग काढला, तेव्हा त्या पस्तीस मिनिटांना दोन मुलं होती. थोरला तिसरीत होता.

दुसरा डोळस म्हणून होता, म्हसवडच्या फेरीवर. त्याला पंधरा मिनिटं उशीर झाला आणि त्यानं लॉगशीटवर कारण लिहिलं, 'समोरून वारा होता.' खिडकीच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे हसले. मी हसलो नाही. मी मेमो दिला. तेहतीस वर्षांत इतकं निर्लज्ज कारण मला दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

तर मायलेक गेल्यावर मी दाजींना बाजूला घेतलं. दाजी म्हणजे माझे मेहुणे, शर्वरीचे वडील; ती त्यांना दादा म्हणते. साखर कारखान्यात केमिस्ट होते. जावई अमेरिकेतला आहे हे त्यांनी एव्हाना निम्म्या तालुक्याला सांगितलं होतं, उरलेल्या निम्म्याला सांगायचं चाललं होतं.

"दाजी, दोन तासांचा हिशेब लागत नाही."

"अहो, तुमच्या डोक्यात काय चाललंय ते तरी कळू द्या."

"जायचा रस्ता आणि यायचा रस्ता एकच. मग वेळ वेगळा कसा? आदर्कीच्या घाटात मी चढणीला वीस मिनिटं जास्त देत होतो, ते समजू शकतो. पण आभाळात कुठला आलाय घाट?"

दाजी थोडा वेळ छताकडे बघत राहिले. "आभाळात घाट नाही," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे हा माणूस मधे कुठेतरी उतरतो."

"विमानातून?"

"ते मला माहीत नाही. पण लोणंदचं तुम्हाला माहीत आहे."

लोणंदचं दाजींना माहीत होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी ते कुणालाही जावयाबद्दल काही बोलले नाहीत, असं बहीण नंतर म्हणाली.

शनिवारी सकाळी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. हेडमास्तर ओळखीचे होते. त्यांच्या कपाटावर पृथ्वीचा गोल होता. त्यावरची धूळ पुसली आणि शिवणाचा दोरा मुंबईवर धरून न्यूयॉर्कपर्यंत ताणला. मग न्यूयॉर्कवर धरून मुंबईपर्यंत ताणला. दोरा तेवढाच भरला.

"दोन्हीकडून कशाला मोजताय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"खात्री असलेली बरी," मी म्हणालो आणि तिथूनच दाजींना फोनवर कळवलं.

आता चौकशी करणं भाग होतं. स्थळाची चौकशी लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करतात, आणि शेजारी एकतर देव म्हणून सांगतात नाहीतर राक्षस म्हणून. मी सासवडच्या स्टँडवर फोन लावला. तिथला नियंत्रक गुलाबराव माझ्या हाताखाली तयार झालेला.

"गुलाब, गिरम्यांचा केदार म्हणून कुणी माहीत आहे का? अमेरिकेत असतो."

"केदार? अमेरिकेत कुठला साहेब, रोज सातच्या स्वारगेट गाडीला असतो की. मासिक पास आहे त्याचा. फोटो मीच चिकटवलाय."

"कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापासून. आता तिसरा पास चालू आहे."

मी फोन ठेवला. मी दोन तास शोधायला गेलो होतो आणि हाताला तीन महिने लागले होते. डिसेंबरात मुलगी पाहायला तो अमेरिकेहून आला नव्हता, जानेवारीत तो परत गेला नव्हता, आणि आताही आला नव्हता. तो सासवडलाच होता. रोज सकाळी दिवे घाट उतरत होता आणि रोज संध्याकाळी चढत होता.

नियमाप्रमाणे मी थेट दाजींकडे जायला हवं होतं. पण ज्याचं नुकसान होणार त्याला आधी कळवायचं, ही नियंत्रण कक्षातली सवय. मी शर्वरीकडे गेलो.

शर्वरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. गावोगावचं दूध यायचं, त्यात पाणी किती, साखर किती, युरिया किती हे ही पोरगी सांगायची, आणि तिनं कॅन परत पाठवला की मोठमोठे पाटील गप्प बसायचे. मी गेलो तेव्हा ती एक नळी उजेडाकडे धरून बघत होती.

"मामा, तुम्ही इकडे कसे? बसा."

"बसायला नाही आलो, शरू. एक वाईट बातमी आहे. केदार अमेरिकेत नाही."

तिनं नळी स्टँडमध्ये ठेवली. तिचा हात जराही हलला नाही, आणि तेवढ्यानं मला सगळं कळलं.

"कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"म्हणजे तुला माहीत आहे."

"जानेवारीत तो इथं आला होता. याच स्टुलावर बसून त्यानं सांगितलं. तिकडं कंपनीनं एका दिवसात चाळीस जणांना घरी पाठवलं, त्यात हा. आता हडपसरला एका क्लासमध्ये शिकवतो आणि मुलाखती देत फिरतो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"त्याचे वडील पाहुण्यारावळ्यांत सांगून बसलेत. आपले दादा गावात सांगून बसलेत. दोन म्हाताऱ्यांनी मिळून त्याला अमेरिकेत ठेवलाय, मामा. तो बिचारा तिथं नाहीच आहे."

"फसवणूक ती फसवणूक."

"मला फसवलं का त्यानं? पहिल्या भेटीनंतर पंधरा दिवसांत येऊन खरं सांगितलं. नाही म्हण, मी आईला काहीतरी कारण सांगतो, असंही म्हणाला." ती माझ्याकडे वळली. "दिवसाला दोनशे कॅन तपासते मी. दुधात पाणी किती ते मला कळतं. माणसात कळणार नाही?"

"अमेरिका गेली त्याचं काही वाटत नाही तुला?"

"मला हवाय तो माणूस. अमेरिका दादांना हवी होती."

"मग दादांना सांग."

"उद्याच्या आधी सांगितलं तर ते यादी फाडतील, आणि मग चारचौघांत फाडलेलं त्यांना कधीच चिकटवता येणार नाही. तुम्हाला माहितेत ते. सुपारी फुटू दे. हळदीच्या आधी केदार स्वतः येऊन त्यांच्यासमोर बसेल आणि सगळं सांगेल. तो शब्द मी घेतलाय त्याच्याकडून."

"आणि माझी सही?"

तिनं वहीत नळीचा आकडा लिहिला.

"शरू, मी आजवर खोट्या लॉगवर सही केलेली नाही."

"मग करू नका," ती म्हणाली आणि पुढची नळी उचलली. "सही तुमची आहे. मी काही मागत नाही."

हेच वाईट झालं. तिनं मागितलं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं.

रविवारी दहा वाजता बैठक बसली. सतरंज्यांवर दोन्हीकडची मिळून तीसेक माणसं. मधे पाट, त्यावर सुपारी, हळदकुंकू आणि फुलस्केप कागद. केदारचे चुलते मांडी घालून यादी लिहीत होते. त्यांचं अक्षर सुंदर होतं आणि ते त्यांना माहीत होतं. मांडव कुणाचा, वाजंत्री कुणाची, नवरदेवाचा पोशाख कुणी करायचा, सगळं रीतसर लिहून झालं. केदार भिंतीला टेकून बसला होता. तो मला एकदाही नजर देत नव्हता. आतल्या दाराच्या चौकटीत शर्वरीची साडी दिसत होती, चेहरा दिसत नव्हता.

"चला, सह्या करू," चुलते म्हणाले आणि त्यांनी पेन माझ्याकडे केलं.

मी पेन घेतलं. तेवढ्यात दाजी खाकरले.

"एक मिनिट. सहीच्या आधी एक राहिलं. आमच्या दिगंबररावांना एक शंका आहे."

सगळी बैठक माझ्याकडे वळली. शुक्रवारी दाजींच्या मनात मी जे पेरलं होतं, ते दोन रात्रींत उगवून आलं होतं. मी त्यांना खूण करायचा प्रयत्न केला, पण ते केदारकडे बघत होते.

"पाहुणे, राग मानू नका. मुलीचा बाप आहे मी," दाजी म्हणाले. "तुमचं विमान येताना चौदा तास घेतं आणि जाताना सोळा. अंतर तेवढंच. आमच्या दिगंबररावांनी दोऱ्यानं मोजलंय. तर ते वरचे दोन तास तुम्ही कुठे असता?"

केदारच्या आईचा हात पदराकडे गेला. केदारचे वडील केदारकडे बघायला लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एक धागा ओढला की सगळं उसवणार, हे त्या खोलीत निदान पाच माणसांना माहीत होतं. ते मायलेक, ते वडील, दारामागची शर्वरी आणि मी. आणि धागा माझाच होता.

केदार सरळ बसला. त्याचा चेहरा बघून मला कळलं, की हा आता सगळं सांगून टाकणार. दोन तास नव्हे, तीन महिने सांगणार. खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरांचा असा चेहरा मी शेकडो वेळा पाहिला आहे. दाराच्या चौकटीतली साडी हलेनाशी झाली.

"त्यांना कशाला विचारता, मी सांगतो," मी म्हणालो. "शंका माझी होती, ती फिटली."

"फिटली? कशी?"

आणि तिथं माझ्या तोंडून डोळस बोलला.

"वारा," मी म्हणालो.

"काय?"

"जाताना वारा समोरून लागतो, दाजी. विमान झालं तरी वाऱ्याला तोंड देऊन जायचं म्हणजे वेळ लागणारच. येताना तोच वारा पाठीमागून ढकलतो. मी काल माहितगाराकडून खात्री करून घेतली."

माहितगार म्हसवडच्या फेरीवरचा होता, हे मी सांगितलं नाही. कुणीतरी हसेल म्हणून मी वाट बघत राहिलो. डोळसला तर सगळा स्टँड हसला होता. पण इथं कुणीच हसलं नाही. केदारचे चुलते मान डोलवत म्हणाले, "बरोबर आहे की. मला जेजुरीला सायकलवर सुद्धा लागतो." मग आणखी दोघांनी आपापल्या सायकलींचं सांगितलं. दाजींच्या चेहऱ्यावर परवापासून गेलेला रंग परत आला.

"मग हे मला आधी नाही का सांगायचं? दोन दिवस अन्न गोड लागलं नाही मला," ते म्हणाले. "करा सही."

मी सही केली. नोकरीची तेहतीस वर्षं आणि त्यावर निवृत्तीची तीन, एवढ्यात पहिली खोटी सही. अक्षर मात्र नेहमीसारखंच आलं.

सुपारी फुटली, पेढे वाटले गेले. निघताना केदार चपलांपाशी माझ्याजवळ आला. डोळ्यांत पाणी होतं.

"मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण एक सांगू? तो वारा खरंच असतो."

"गप्प बसा," मी म्हणालो. "आजच्यापुरतं खोटं पुरे झालं."

शब्दाला तो जागला. हळदीच्या चार दिवस आधी एकटा आला, दाजींसमोर बसला आणि सगळं सांगितलं. दाजी दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तो गेलाच नव्हता. मग वारा कुठला लागला?" शर्वरी पलीकडे लसूण सोलत बसली होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि उठून पानावर बसले. दुसऱ्या दिवशी स्टँडवर मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, की तुमच्या दाजींच्या एका शब्दाखातर जावयानं अमेरिका सोडली.

पण मला त्यांनी सोडलं नाही. पुढची आठ वर्षं कुणाचंही लग्न असो, सह्यांची वेळ आली की दाजी म्हणायचे, "दिगंबररावांना विचारा, आज वारा कुठला आहे."

केदारला पुढे पुण्यात चांगली नोकरी लागली. आणि त्या पुण्याच्या कंपनीनंच त्याला दोन हजार सोळाला उचलून न्यू जर्सीत पाठवलं. या वेळी खरोखर. शर्वरी गेली, तिथंही ती दूधच तपासते. दुसऱ्या वर्षी तिनं मला बोलावून घेतलं. माझ्या बायकोला गुडघ्यांमुळे एवढं बसवणार नव्हतं, म्हणून मी एकटाच विमानात चढलो. मुंबई ते न्यूअर्क, थेट.

जेवणाचे ट्रे उचलून नेल्यावर शेजारच्या बाईंनी मला समोरचा छोटा पडदा लावून दिला. त्यात विमानाचं चित्र सरकत होतं आणि खाली इंग्रजीत आकडे येत होते. उंची. बाहेरचं तापमान. उरलेलं अंतर. मी वही काढून उतरवून घ्यायला लागलो, सवय म्हणून. चौथी ओळ उतरवताना हात थांबला. समोरून येणारा वारा, ताशी एकशे चाळीस किलोमीटर.

मी चष्मा पुसून परत वाचलं. एकशे बेचाळीस झाला होता.

उतरलो तेव्हा वहीत सोळा तास पाच मिनिटं भरली होती. केदार विमानतळावर न्यायला आला होता. "मामा, प्रवास कसा झाला?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "बरा झाला." लग्नाआधी या पोरानं आम्हाला जे जे सांगितलं होतं, त्यात एवढी एकच गोष्ट खरी होती, आणि मी नेमकी तीच खोटी धरली होती.

येताना चौदा तास दहा मिनिटं लागली. सबंध वाट मला डोळस आठवत होता. त्या माणसाला मी मेमो दिला होता, सगळ्या स्टँडसमोर. घरी पोचलो, चार दिवस झोपेचं गणित जुळवलं आणि पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीनं म्हसवडला गेलो.

डोळस दारात बसून शेळीला पाला घालत होता. केस पांढरे, दात गेलेले, पण मला बघून उभा राहिला आणि नकळत खिशाला हात लावला, लॉगशीट असल्यासारखा.

"सायेब! तुमी?"

"बस, डोळस. माफी मागायला आलोय. एकोणनव्वद साली तुला मेमो दिला होता. तू लिहिलं होतंस, समोरून वारा होता. मी मानलं नाही. आता अमेरिकेला जाऊन आलो आणि डोळ्यांनी बघितलं. वाऱ्यानं वेळ लागतो. तुझं खरं होतं."

डोळसनं शेळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कसला वारा, सायेब," तो म्हणाला. "माळावर बैलगाड्यांच्या शर्यती लागल्या हुत्या. समदी गाडी खाली उतरून बघत हुती. कंडक्टर तर गाडीच्या टपावर चढला हुता."

"मग वारा का लिहिलंस?"

"शर्यत लिवली असती, तर तुमी काय केलं असतं?"

"मेमो दिला असता."

"मग?" डोळस म्हणाला.

आतून कुणीतरी पाणी आणून दिलं, ते प्यालो. पिता पिता त्याला सांगितलं, की तुझ्या त्या वाऱ्यावर आमच्या भाचीचं लग्न निभावून गेलं, आणि आता ती अमेरिकेत सुखात आहे. तो सगळं नीट ऐकत होता. मग त्यानं मला डोक्यापासून चपलांपर्यंत निरखलं, जसा मी त्याला खिडकीतून निरखायचो.

"सायेब, राग नका मानू," तो म्हणाला. "पर तुमी अमेरिकेला खरंच गेलावता का?"

मी ताठ झालो आणि पुरावा म्हणून विमानाचा पास काढायला सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिशातून एस.टी.चं तिकीट निघालं. फलटण ते म्हसवड.